अभ्यासिकेतील कोंबडी

अमेरिकेतील व इंग्लंडमधील वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत गेल्या काही वर्षांत एका प्रकारचे छायाचित्र वारंवार दिसू लागले आहे. दिवाणखान्यातला सोफा, सोफ्याच्या हातावर अंग फुलवून डोळे मिटलेली कोंबडी, आणि तिच्या शेपटीखाली नीट बसवलेला फुलाफुलांच्या कापडाचा लंगोट. हा लंगोट आता विकत मिळतो. सोबतच्या मजकुराचा सूर ठरलेला असतो: माणसे एकाकी झाली, हाती पैसा खुळखुळू लागला, आणि त्यातून हे नवे खूळ निघाले. आपल्याकडचा वाचकही हसून पान उलटतो.

या हसण्याविषयी आम्हांला थोडे लिहायचे आहे. कोंबडी ही घराबाहेरची गोष्ट, तिची जागा अंगणात, खुराड्यात किंवा पातेल्यात, आणि उंबऱ्याच्या आत तिचे असणे हा विनोद, असे आपण धरून चालतो. कोंबडीविषयी लिहिले गेलेले जुने वाङ्मय जसजसे चाळावे तसतसे हे गृहीतक डळमळू लागते. कोंबडी माणसाच्या घरात फार पूर्वीपासून होती. तिला घराबाहेर काढण्याची घटना त्या मानाने अगदी अलीकडची आहे. सोफ्यावरची कोंबडी विनोदी वाटते ती आपण मधली शंभर वर्षे विसरलो म्हणून.

प्रारंभाचा भाग थोडक्यात सांगतो. रानकोंबड्यापासून पाळीव कोंबडी केव्हा झाली याविषयी जुनी पुस्तके आठ-दहा हजार वर्षांची भाषा करीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पुरातत्त्वीय संशोधनाने हा काळ बराच अलीकडे आणला. निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नोन वाट येथली, इ.स.पूर्व १६५० ते १२५० या दरम्यानची आहेत. भातशेतीच्या दाण्यांना भुलून रानपक्षी वस्तीत आला, असा या संशोधकांचा तर्क आहे. युरोपात कोंबडी पोहोचली ती इ.स.पूर्व ८०० च्या सुमारास, आणि तेथे पहिली काही शतके ती बहुधा खाल्ली जात नव्हती. एकेकटे, न कापता पुरलेले कोंबड्यांचे सांगाडे तेथे सापडले आहेत. काही माणसांच्या थडग्यांतही आहेत.

या हाडांना एका लिखित वाक्याची जोड आहे, आणि ते वाक्य लिहिणारा हळवेपणाबद्दल प्रसिद्ध नाही. इ.स.पूर्व ५४ मध्ये ज्युलियस सीझर दुसऱ्यांदा ब्रिटनवर चालून गेला. गॅलिक युद्धाच्या वृत्तांताच्या पाचव्या भागात तो तेथल्या लोकांच्या चालीरीती नोंदवतो. ससा, कोंबडा आणि हंस खाणे हे लोक निषिद्ध समजतात, पण मनाच्या विरंगुळ्यासाठी ते त्यांना पाळतात, अशी त्याची नोंद आहे. सेनापतीने शत्रूच्या धान्याचा, रथांचा, पोरांबाळांचा हिशेब मांडता मांडता मध्येच हे लिहावे, याची आम्हांला मौज वाटते. कोंबडी पाळायची आणि खायची मात्र नाही, हे रोमन माणसाला नवल वाटले. त्याच्या दृष्टीने ते रानटी लोकांचे एक लक्षण होते. म्हणजे हसण्याची परंपराही बरीच जुनी म्हणायची.

या परंपरेतील सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र रोमच्याच सम्राटाच्या माथी मारला गेला आहे. इ.स. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले, तेव्हा सम्राट होनोरियस राव्हेन्ना येथे होता. पुढे सहाव्या शतकात प्रोकोपियस या ग्रीक इतिहासकाराने एक कथा नोंदवली. कोंबड्यांची देखभाल करणारा खोजा धावत आला आणि म्हणाला, रोम गेले. सम्राट दचकला, आत्ताच तर त्याने माझ्या हातून दाणे खाल्ले, असे काहीसे तो उद्गारला. त्याच्या एका थोराड, लाडक्या कोंबड्याचे नाव रोम होते. अलारिकच्या हाती पडले ते रोम शहर, असा उलगडा झाला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

कथा रचलेली असावी. अठराव्या शतकात गिबनने ती खरी मानायचे नाकारले. सम्राटाला कोंबड्यांना दाणे घालण्याचा नाद होता एवढे मात्र त्याने ठेवले आणि त्यावर आपले एक कुत्सित वाक्य बेतले. १८८३ मध्ये वॉटरहाउस या इंग्रज चित्रकाराने हाच विषय घेतला. त्याच्या चित्रात पक्ष्यांना दाणे टाकण्यात गढलेला सम्राट आहे, आणि त्याची नजर वर होण्याची वाट पाहणारे दरबारी आहेत. कथा खोटी असली तरी ती अशीच का रचली गेली, हा प्रश्न वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने विचारायला हवा. रोमन दरबारात ससाणा किंवा शिकारी कुत्रा लाडका असता तर विनोद झाला नसता. कोंबड्याला नाव द्यायचे, त्याला हाताने भरवायचे, त्याच्या जिवाची काळजी करायची, हे राजाला न शोभणारे. त्यातही नाव द्यायचे ते राजधानीचे! शहराचे नाव आणि पक्ष्याचे नाव यांची गल्लत होते तिथे सारा विनोद उभा आहे. नाव दिले की कोंबडी ‘एक कोंबडी’ राहत नाही, हे कथाकाराला पक्के ठाऊक होते. त्याने ते फक्त टिंगलीसाठी वापरले.

राजवाड्यातून झोपडीत यावे तर चॉसरच्या ‘कॅंटरबरी टेल्स’मधील नन्स प्रीस्टची कथा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीची. आपल्या इंग्रजी विभागातील मित्र ती शिकवताना चाँटेक्लीअर आणि पर्टेलोट यांच्या स्वप्नचर्चेवर भर देतात, आणि ते योग्यच आहे. स्वप्न खरे की पित्तप्रकोप, यावर नवरा लॅटिन ग्रंथांचे दाखले देतो आणि बायको रेचक सुचवते. असा संसार साहित्यात विरळाच. आम्हांला तिथला एक साधा तपशील महत्त्वाचा वाटतो. ही चर्चा पहाटे ज्या दांडीवर बसून होते ती दांडी घरातच आहे. गरीब विधवेचे काजळीने काळवंडलेले दोन खणांचे घर. त्याच्या बैठकीच्या खणात कोंबडा आपल्या सात बायकांसह रात्र काढतो. कवीने हे ओघात सांगितले आहे. त्याच्या श्रोत्यांना त्यात काही सांगण्यासारखे वाटले नसावे. माणसे खाली, कोंबड्या वर, आणि एकाच छपराखाली दोघांचा श्वास. विनोद आहे तो कोंबड्याच्या पांडित्याचा. तो घरात आहे याचा नव्हे.

पण या घरातल्या कोंबड्यांना लाडके म्हणता येईल का? विधवेला त्यांची अंडी हवी होती. आपण आज ज्याला ‘पेट’ म्हणतो, त्यात निरुपयोगीपणाचा एक अंश गृहीत असतो: त्याच्यापासून काही मिळायचे नसते, आणि तरी ते हवे असते. त्या अर्थाची घरातली कोंबडी आम्हांला एका विद्वानाच्या ग्रंथात भेटली.

उलिस्से अल्ड्रोव्हांडी (१५२२-१६०५) हा बोलोन्याचा निसर्गअभ्यासक. तेथील विद्यापीठात त्याने अध्यापन केले, १५६८ मध्ये तेथे वनस्पतिउद्यान उभे केले, आणि हजारो नमुन्यांचा संग्रह जमवला. त्याच्या पक्षिविषयक महाग्रंथाचा दुसरा खंड १६०० साली निघाला. त्यातील कोंबडीवरचे प्रकरण एवढे विस्तृत आहे की त्याच्या १९६३ मधील इंग्रजी भाषांतराचे चारशेहून अधिक पानांचे स्वतंत्र पुस्तक झाले. प्रबंध लिहिणाऱ्यांनी एकदा तरी ते चाळावे. संदर्भांची हाव माणसाला कुठवर नेते ते कळते. कोंबड्याविषयी ॲरिस्टॉटल काय म्हणाला, प्लिनी काय म्हणाला, म्हणी कोणत्या, शकुन कोणते, नाण्यांवर कोंबडा कुठे, कोणत्या दुखण्यावर कोणता अवयव द्यावा, रस्सा कसा करावा, सारे काही त्यात आहे. बहुतेक मजकूर दुसऱ्यांच्या ग्रंथांतून उचललेला. तेव्हाची विद्वत्ता अशीच असे, आणि आताची फार वेगळी आहे असे छातीठोकपणे आम्ही म्हणणार नाही.

या उसन्या मजकुराच्या डोंगरात अल्ड्रोव्हांडी अचानक स्वतःविषयी बोलतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या गावाकडच्या घरी एक कोंबडी होती. इतर कोंबड्यांत ती रमत नसे. दिवसभर एकटीच घरभर हिंडे. रात्री मात्र ती त्याच्याजवळ, त्याच्या पुस्तकांमध्येच झोपायला येई, आणि पुस्तकांतही तिला मोठी पुस्तके लागत. हाकलले तरी तिचा हट्ट तोच. एवढेच. दोन-तीन वाक्ये, आणि पुन्हा दाखल्यांचा ओघ सुरू.

या ओळींवर आम्ही पुष्कळ वेळ रेंगाळलो. अल्ड्रोव्हांडी या कोंबडीला नाव देत नाही. निदान लिहीत नाही. तिच्यावर प्रेम होते असेही म्हणत नाही. तो फक्त पाहतो. पण चारशे पानांत कोंबडी या जातीविषयी सांगून झालेले असताना ‘ही एक’ कोंबडी तेवढ्यात कुठे बसत नाही, हे त्याला जाणवले असणार. नाहीतर त्याने ते लिहिलेच नसते. जातीचे वर्णन करणारी विद्या आणि व्यक्तीला ओळखणारी नजर यांच्यात जी फट असते, ती येथे एका ओळीपुरती उघडते. ती उघडायला कोंबडी अभ्यासिकेत यावी लागली. अंगणातल्या थव्यात ती इतर कोंबड्यांसारखीच दिसली असती. आणि तरी त्याच ग्रंथात, काही पाने उलटली की, कोंबडीच्या रश्श्याचे गुण सांगताना लेखकाची लेखणी जराही अडखळत नाही. हा विरोध त्याला दिसला नसेल असे आम्हांला वाटत नाही. त्या काळच्या घरात तो विरोध म्हणून जगावाच लागत नसे.

आता आपल्याकडे वळू. वळताना एक फरक आधी सांगायला हवा. युरोपात कोंबडी घरात असणे हे मुख्यतः गरिबीचे लक्षण होते. आपल्याकडे ते जातीचेही होते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य सांगितलेल्या पक्ष्यांत ग्रामकुक्कुट आहे, आणि पुढे कांदा-लसणाच्या पंक्तीत त्याचे नाव पुन्हा येते. व्याकरण शिकलेल्यांना पतंजलीच्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकातील उदाहरण आठवेल: गावातला कोंबडा खाऊ नये असे म्हटले की रानातला चालतो हे आपोआप कळते. पतंजलीला तेथे नियम आणि अपवाद समजावायचे होते. आम्हांला त्यातून वेगळेच दिसते. पक्षी एकच, रानात असला तर खाण्यायोग्य, माणसांत राहिला तर त्याज्य. माणसाचा शेजार हाच त्याचा दोष ठरला. गंमत अशी की ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत हे स्वरांचे तीन काळ सांगण्यासाठी पाणिनीने ‘उ’ हाच स्वर का घेतला, याचे परंपरेने दिलेले उत्तर कोंबड्याच्या आरवण्याकडे बोट दाखवते. ज्याच्या आरवण्यातून मात्रा शिकायच्या त्याला दारात मात्र उभे करायचे नाही.

तरीही कोंबडी मराठी घरात होती, आणि मराठी भाषेने ते नोंदवून ठेवले आहे. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण शाळेत आपण सर्वांनी वाक्यात उपयोग करून लिहिली. सत्य लपत नाही, हा तिचा अर्थ. पण कोंबडे झाकायचे कशाने, आणि कुठे? रात्री कोंबड्या डालग्याखाली डालायच्या असत, मुंगसापासून आणि रानमांजरापासून त्यांना वाचवण्यासाठी. आणि ते डालगे पडवीत, चुलीमागच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, जेथे माणसे निजत त्याच छपराखाली असे. ‘डालणे’ हे स्वतंत्र क्रियापद त्यासाठी आपल्याकडे आहे. अंडी द्यायला लागू पाहणारी कोवळी कोंबडी ती तलंग, अंडी देणे थांबवून उबवायला बसलेली ती खुडूक. म्हण समजावून सांगताना आपण वर्गात सत्याचा महिमा सांगतो, आणि ज्या घरात हे डालगे होते त्या घराचा उल्लेखही करीत नाही. ते घर कुणब्याचे होते, कोळ्याचे होते, महारा-मांगाचे होते, आदिवासीचे होते. ज्या घरांतून मराठीचे अध्यापक दीर्घकाळ येत राहिले त्यांत अंडे आलेच तर परसात, वेगळ्या भांड्यात शिजत असे. म्हणीतली वस्तू आपल्याला न दिसणे यात नवल नाही. पण ती दिसत नाही तोवर म्हण आपल्याला अर्धीच कळलेली असते, असे आमचे मत आहे.

या घरांतल्या कोंबडीला लळा नव्हता असे समजण्याचे कारण नाही. कोकणात राखणीला कोंबडा द्यायचा असतो तो वर्षभर वेगळा राखलेला असतो. तो कुणाच्या नावाचा आहे हे पोराबाळांनाही ठाऊक असते. राखायचे ते द्यायचे म्हणून, आणि द्यायचे ते राखलेले म्हणून. सीझरच्या ब्रिटनांना हे कळले असते. सोफ्यावर कोंबडी ठेवणाऱ्यांना कळेल की नाही, सांगवत नाही.

मग ही कोंबडी घरातून गेली कशी? ठरावीक एका दिवशी काही गेली नाही, पण अमेरिकन इतिहासकार एका नावाशी हमखास थांबतात. १९२३ मध्ये डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू येथील सेसिल स्टील या गृहिणीने अंड्यांसाठी पन्नास पिले मागवली आणि चुकून पाचशे आली. तिने ती परत न पाठवता वाढवून मांसासाठी विकली, फायदा झाला, आणि तीनच वर्षांत तिच्याकडे दहा हजार पक्ष्यांची शेड उभी राहिली. तिची पहिली छोटी शेड आता ऐतिहासिक वास्तू म्हणून जपली आहे. पुढे मांसासाठी वेगळी जात, अंड्यांसाठी वेगळी जात, खुडूक न बसणारी जात, असे सगळे आले. ‘खुडूक’ हा शब्दच त्या व्यवहारात निरुपयोगी झाला. उबवण्याची यंत्रे आली तेव्हा आईपण हा कोंबडीचा दोष ठरला. आपल्याकडे १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना झाली, १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती, आणि तिची रविवार-सोमवारचे यमक जुळवणारी जाहिरात दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचली. जेथे कोंबडीला कधीच प्रवेश नव्हता त्या घरांत अंडे राजरोस गेले, आणि जेथे कोंबडी होती त्या घरांतून ती हळूहळू बाहेर पडली. हा उलटा प्रवास एकाच पिढीत घडला.

युरोपीय संघाने जुन्या पद्धतीचे पिंजरे २०१२ पासून बंद केले. तोवर अशा पिंजऱ्यात एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा देणे बंधनकारक होते. ए-चार आकाराच्या कागदाचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर भरते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या आमच्यासारख्यांना हे माप हाताला कळते. अल्ड्रोव्हांडीच्या कोंबडीला मोठी पुस्तके का लागत होती, हेही. मराठीत ‘खुराडे’ हा शब्द आता कोंबडीपेक्षा मुंबईतल्या भाड्याच्या खोलीसाठीच जास्त वापरला जातो.

राहिलेल्या घरगुती कोंबड्यांचे काय झाले, ते २००६ साली दिसले. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिल्या बर्ड फ्लूची नोंद झाली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत तो परसातल्या कोंबड्यांत आढळला. रोग रोखण्यासाठी पक्षी नष्ट करणे आवश्यक होते, याबद्दल आमचा वाद नाही. पण पोल्ट्रीतला पक्षी आणि आदिवासीच्या झोपडीत डालग्याखाली निजणारी तलंग यांच्यासाठी शासकीय भाषेत शब्द एकच होता, आणि पथके दाराशी आली तेव्हा दोन्हींचा हिशेब नगावर झाला.

सोफ्यावरची कोंबडी या पार्श्वभूमीवर पाहावी, अशी आमची विनंती आहे. तिच्यात हौस आहे, बाजार आहे, प्रदर्शनही आहे. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्रे साल्मोनेलाच्या संसर्गामुळे कोंबड्यांना घरात घेऊ नका, त्यांचे मुके घेऊ नका असे वर्षानुवर्षे बजावीत आहेत. हा इशारा द्यावा लागतो याचाच अर्थ लोक ते करतात. ॲलिस वॉकर यांनी आपल्या कोंबड्यांवर २०११ साली एक अख्खे पुस्तक लिहिले; त्यातल्या एकीचे नाव गर्ट्रूड स्टाइन. या लेखिकेने वंशवादाविषयी जे लिहिले ते ज्यांनी वाचले आहे त्यांना मांडीवर कोंबडी घेऊन बसलेली वॉकर पाहून क्षणभर अवघडल्यासारखे होईल. आम्हांलाही झाले. पण पुस्तकाचे उपशीर्षकच सांगते की ज्यांना आपण विसरलो होतो त्या आठवणी या कोंबड्या घेऊन आल्या. ग्रामीण जॉर्जियात खंडकऱ्याच्या घरी वाढलेल्या बाईच्या बाबतीत ‘आठवण’ हा शब्द हौसेहून जड आहे.

कोंबडीला एकेकटे ओळखण्याचे काम मोठ्यांपेक्षा मुलांनी अधिक केले आहे. थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन मुलाने घरच्या कोंबड्यांत कोण कोणाला टोचते याच्या नोंदी बालपणापासून ठेवल्या. त्यातून १९२२ मध्ये त्याचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याने ‘टोचण्याच्या क्रमा’ची कल्पना समाजशास्त्राला दिली. आज कोणत्याही कार्यालयातील उतरंडीविषयी बोलताना ती वापरतात. प्रत्येक कोंबडी वेगळी ओळखू आल्याखेरीज असा क्रम मांडताच येत नाही, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही. फ्लॅनरी ओकॉनर पाच-सहा वर्षांची असताना तिच्या उलट्या पावली चालणाऱ्या कोंबडीचे चित्रण करायला पाथे कंपनीचा माणूस सव्हानाला आला होता. शाळेत शिवणकामाच्या तासाला तिने एका करड्या बँटमसाठी लेसच्या कॉलरचा पांढरा कोट शिवला. त्या कोंबड्याचे नाव कर्नल एगबर्ट. होनोरियसने शहराचे नाव दिले. या मुलीने हुद्दा दिला.

मुलीने वाचवलेल्या कोंबडीची एक कथा ब्राझीलच्या क्लारिसे लिस्पेक्तोर यांची आहे. १९६० मधील ‘कौटुंबिक बंध’ या त्यांच्या संग्रहात ‘एक कोंबडी’ नावाने ती येते. कवयित्री एलिझाबेथ बिशप यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले. इतकी छोटी कथा आहे की वर्गात एका तासात दोनदा वाचून होते. रविवारच्या जेवणासाठी आणलेली कोंबडी सकाळी नऊच्या आत पळते, छपरांवरून. घरचा पुरुष पोहण्याच्या चड्डीवर तिच्या मागे धावतो, धरून आणतो, आणि स्वयंपाकघरात टाकलेली ती भीतीने तेथेच अंडे घालते. लहान मुलगी ओरडते, तिला मारू नका, तिला आपण आवडतो. बापही म्हणतो, हिला मारलेत तर मी जन्मात कोंबडी खाणार नाही. अशी ती घरची होते. स्वयंपाकघर आणि मागची गच्ची यांच्यामध्ये ती राणीसारखी वावरते; ती राणी आहे हे सर्वांना ठाऊक असते, फक्त तिला नसते. आणि मग एके दिवशी ते तिला मारतात, खातात, आणि वर्षे जातात. तीन क्रियापदांत कथा संपते.

वर्गात हा शेवट वाचल्यावर मुले प्रथम हसतात, मग गप्प होतात. एखादा विद्यार्थी विचारतो, असे का केले त्यांनी? कथेत कारण दिलेले नाही. आमच्या मते लिस्पेक्तोर यांनी ते जाणून दिले नाही. घरात घेतलेल्या कोंबडीला कोणी नाव ठेवल्याचे कथेत कुठे येत नाही, ही गोष्ट आम्ही मुलांच्या लक्षात आणून देतो. अंडे घातल्यामुळे ती वाचली. तिचे वाचणे एका उपयोगावर आधारलेले होते, जरी त्या क्षणी सर्वांना ते प्रेम वाटले. मुलगीही मोठी झाली असणार. येथे क्रूरता कुठेच नाही, फक्त सवय आहे, जी थोडा वेळ बाजूला झाली होती.

लिस्पेक्तोर यांना मात्र हा विषय सोडवेना. कोंबडी आणि अंडे यांच्यावर त्यांनी पुढेही लिहिले, आणि १९७४ मध्ये मुलांसाठी एक पुस्तक केले. त्यातल्या कोंबडीला नाव आहे: लॉरा. ती काही हुशार नाही, तिची मान कुरूप आहे, हे लेखिका आरंभीच सांगून टाकते. नवऱ्याचे नाव लुईस. स्वयंपाकिणीच्या बोलण्यातून लॉराला आपल्यावर पाळी येण्याची धास्ती वाटते. एका रात्री गुरू ग्रहावरून क्सेक्स्ट नावाचा प्राणी तिच्याकडे येतो आणि तिची इच्छा विचारतो. लॉरा म्हणते, माझ्या नशिबी खाल्ले जाणेच असेल तर निदान पेलेने खावे. क्सेक्स्ट तिला सांगतो की तुला कोणी कधीही खाणार नाही.